शाफ्टला घट्ट बसलेलं कपलिंग कसं सोडवायचं

शिडाच्या बोटीत पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट बाहेर काढायची वेळ तीन-चार कारणांनी येते. मागचं कटलेस बेअरिंग (शाफ्टला पंख्याजवळ आधार देणारं रबरी बेअरिंग) झिजलेलं असतं, ग्लँडचा (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागाचा) रबरी होज कडक होऊन तडकलेला असतो, जुनी दोरीची ग्लँड काढून नवं सील बसवायचं असतं, नाहीतर शाफ्टलाच खड्डे पडलेले असतात. काम कोणतंही असो, आधी शाफ्टच्या पुढच्या टोकावरून कपलिंग, म्हणजे शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणारा भाग, उतरवावं लागतं. आणि दहा-पंधरा वर्षं बिल्जच्या (बोटीच्या तळाच्या) ओलसर हवेत बसलेलं कपलिंग सहजासहजी उतरत नाही.

ते का अडकतं? शाफ्ट स्टेनलेसचा, कपलिंग साध्या पोलादाचं किंवा बिडाचं. ग्लँडमधून टपकणारं खारं पाणी फिरत्या शाफ्टवरून उडून कपलिंगवर बसतं. पोलाद गंजतं, आणि गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. भोक आणि शाफ्ट यांच्यात मुळातच केसाएवढीही फट नसते, त्यामुळे हा गंज पाचर ठोकल्यासारखा काम करतो. त्यात सेट स्क्रूनं (कपलिंगमधून शाफ्टवर आवळलेल्या स्क्रूनं) शाफ्टवर उठवलेली कड असते, ती वेगळीच आडवी येते.

हातोडा उचलण्याआधी एक हिशेब मनाशी पक्का करा. या साखळीत सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे कपलिंग. चांगला टर्नर ईएन ८ जातीच्या पोलादाच्या गोल बारमधून ते नवं करून देतो. शाफ्ट त्याच्या कितीतरी पट महाग, आणि गिअरबॉक्सचं तर नावच नको. म्हणून जोर असा लावायचा की तो फक्त कपलिंग आणि शाफ्ट या दोघांतच फिरला पाहिजे. गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर, कटलेसवर, ग्लँडवर तो जाता कामा नये. आणि बळी द्यायचीच वेळ आली तर कपलिंगचा द्यायचा.

आधी काय बसवलंय ते ओळखा

वायर ब्रशनं रंग आणि गंज साफ करा. पूर्ण साफ, कारण इथे रंगाखाली गोष्टी दडलेल्या असतात. कपलिंगच्या मानेला (शाफ्टवर बसणाऱ्या नळीसारख्या भागाला) उभी चीर आणि तिला आडवे दोन बोल्ट दिसले तर ते स्प्लिट कपलिंग. हे नशीबवानांना मिळतं. बोल्ट काढायचे, चिरेत रुंद छन्नी हलकेच बसवून एक-दोन ठोके द्यायचे, पकड सैल होते. कपलिंग बिडाचं असेल तर छन्नीवर जोर करू नका, मान तडकते.

मानेवर चौकोनी डोक्याचे एक-दोन स्क्रू आणि त्यांना बांधलेली तार दिसली तर ते सरळ भोकाचं, चावीवर (शाफ्ट आणि कपलिंग यांच्या खाचेत बसणाऱ्या चौकोनी पट्टीवर) बसलेलं कपलिंग. बहुतेक बोटींवर हेच असतं आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे. तिसरा प्रकार टेपरचा, म्हणजे निमुळत्या टोकावर बसणारा: फ्लँज (कपलिंगची बोल्टांची चपटी तबकडी) उघडल्यावर आत शाफ्टच्या टोकाला नट आणि कॉटर पिन दिसते. पिन काढा, नट दोन आटे सैल करा, पण तो पूर्ण काढू नका. टेपर सुटतं तेव्हा एकदम झटक्यात सुटतं, आणि तो नट कपलिंगला अडवतो, शाफ्टचे आटेही वाचवतो.

एखाद्या कपलिंगमध्ये शाफ्टच्या आरपार ठोकलेली पिन असते. तिच्यावर रंगाचे चार थर चढलेले असले की ती दिसतच नाही. ती न काढता जोर लावला तर काहीच हलत नाही, आणि माणूस आणखी जोर लावत बसतो.

दोन्ही फ्लँज वेगळ्या करणं

गिअरबॉक्सची फ्लँज आणि शाफ्टची फ्लँज यांच्या कडेवर सेंटर पंचानं समोरासमोर खूण करा. जुनीच जोडी परत बसणार असेल तर ती त्याच जागी बसली पाहिजे. चारही बोल्ट काढा.

बोल्ट निघाले तरी फ्लँज एकमेकींना चिकटलेल्या असतात, कारण मध्ये एक उठावाचा गोल असतो आणि तो समोरच्या खोबणीत गंजून बसतो. इथे सगळेजण फटीत स्क्रू ड्रायव्हर घालतात. घालू नका. फ्लँजच्या तोंडावर पडलेला बारीकसा ओरखडाही अलाइनमेंटच्या (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणण्याच्या) वेळी फीलर गेजखाली (फट मोजायच्या पातळ पट्टीखाली) येतो आणि तासभर खातो. त्याऐवजी शाफ्टच्या फ्लँजच्या कडेवर पितळी हातोड्यानं, नाहीतर लाकडाचा ठोकळा मध्ये धरून, चारही बाजूंनी टकटक करा. शाफ्ट थोडा फिरवा, परत टकटक करा. फट दिसायला लागली की शाफ्ट मागे ढकला.

ढकलण्याआधी मात्र तीन गोष्टी. पहिली, शाफ्ट किती मागे जाऊ शकतो ते मोजा. पंखा सुकाणूला टेकेल का? शाफ्टवरचा जस्ताचा अ‍ॅनोड मागच्या ब्रॅकेटला अडेल का? आपल्याला सुमारे ८० मिमी जागा लागणार आहे. दुसरी, ग्लँडच्या पुढे शाफ्टवर एक होज क्लिप कसून आवळा. बोट पाण्यात असेल तर कपलिंग निघाल्यावर त्या शाफ्टला बाहेर जाण्यापासून अडवणारं दुसरं काही नसतं. क्लिप नसेल आणि शाफ्ट निसटला, तर २५ मिमीच्या भोकातून समुद्र आत येतो. त्याच मापाची लाकडी खुंटी हाताशी ठेवा, बिल्ज पंप चालतोय ना ते आधी बघा. तिसरी, कपलिंग सुटं झालं की शाफ्टचं पुढचं टोक लोंबकळतं आणि त्याचं वजन ग्लँडवर येतं. खाली व्हीच्या आकाराचा लाकडी ठोकळा द्या.

दोरीची ग्लँड असेल तर तिचा नट अर्धा फेरा सैल करा, थोडं पाणी जास्त टपकेल, टपकू द्या. कार्बनच्या तोंडाचं, भात्यासारख्या रबराचं सील असेल तर जपून: शाफ्ट मागे गेला की त्याच्यावर बसवलेलं स्टीलचं रोटर भाता दाबत जातं, आणि भात्याला मर्यादा असते. अशा बोटीचं काम जमिनीवरच केलेलं बरं. मुंबईत तशाही शिडाच्या बोटी पावसाळ्याआधी वर काढतात. ते महिने या कामाला उत्तम, कारण तेल मुरायला वेळ मिळतो.

सेट स्क्रू आणि तेल

तार कापा, स्क्रू काढा. स्क्रू निघाला की भोकात बारीक सळई घालून खोली मोजा. काही मिस्त्री एकाच भोकात एकावर एक दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे, अ‍ॅलन कीचे स्क्रू) घालतात, वरचा खालच्याला लॉक करायला. खालचा तसाच राहिला तर तो शाफ्टमध्ये रुतलेला असतो आणि तुम्ही कितीही आवळा, कपलिंग त्याच्यावरच अडतं. सळई शाफ्टच्या चकचकीत स्टेनलेसला लागतेय की काळ्या षटकोनी खड्ड्यात जातेय, टॉर्च लावून बघा. अ‍ॅलनचं डोकं झिजलेलं असेल तर डोक्याच्या खाचेत टॉर्क्सचा एक माप मोठा बिट ठोकून बसवा, तो बहुतेक वेळा पकडतो.

आता तेल. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण इतक्या अरुंद फटीत शिरायला ते कमी पडतं. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल सारख्या प्रमाणात, किंवा कुठलंही चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल घ्या. अ‍ॅसिटोन आणि तेल एकमेकांत नीट मिसळत नाहीत, दरवेळी बाटली हलवूनच ओता. कुठे ओतायचं हे मिश्रणापेक्षा महत्त्वाचं आहे. तीन वाटा आहेत: सेट स्क्रूची भोकं, पुढे शाफ्टच्या टोकाभोवतीची कड, आणि सगळ्यात चांगली म्हणजे मागच्या बाजूनं चावीची खाच. चावीच्या डोक्यावर सहसा थोडी मोकळी जागा असते, ती कपलिंगच्या आरपार जाणारी नळीच समजा. शाफ्ट फिरवून खाच वर आणा. कपलिंगच्या मागच्या तोंडाशी पुटीची छोटी पाळ करा, कणकेची पाळ करतो तशी, आणि त्यात तेल साठवून ठेवा. रात्रभरात ते आत ओढलं जातं. दोन दिवस, दिवसातून दोनदा ओता. शाफ्ट अर्धा फिरवून एकदा दुसऱ्या बाजूनंही.

ओढणारी प्लेट

सगळीकडे सांगितली जाणारी युक्ती अशी: दोन फ्लँजच्या मध्ये, शाफ्टच्या टोकावर एक सॉकेट ठेवायचं, लांब बोल्ट घालायचे आणि आवळायचं. फ्लँज जवळ येतात, सॉकेट शाफ्टला मागे ढकलतं, कपलिंग पुढे सरकतं. युक्ती चालते, यात वाद नाही. पण आकडे बघा. एम१० चा (१० मिमी जाडीचा) बोल्ट ४० न्यूटन-मीटरनं आवळला की तो साधारण २ टनांनी ओढतो. चार बोल्ट म्हणजे ८ टन. हा सगळा जोर गिअरबॉक्सच्या फ्लँजच्या कडेला पुढून मागे ओढतो, आणि मधल्या नटावर मागून पुढे दाबतो. फ्लँज बशीसारखी वाकते. ती वाकलेली डोळ्यांना दिसत नाही, पुढच्या मोसमात कंपनातून कळते.

म्हणून गिअरबॉक्सच्या फ्लँजच्या जागी एक प्लेट वापरा. साध्या पोलादाची, २० मिमी जाडीची, कपलिंगच्या व्यासाएवढी. चार भोकांची मापं कपलिंगवरूनच उतरवा: कागद तोंडावर धरून पेन्सिलीनं ठसा घ्या आणि टर्नरला द्या. कपलिंगचे बोल्ट एम१० असतील तर ८.५ मिमीचं ड्रिल आणि एम१० बाय १.५ चा टॅप. प्लेटमध्येच आटे असले की बोल्ट मागून घालून फक्त मागूनच पाना चालवता येतो. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात पुढच्या नटाला दुसरा पाना धरायची वेळ येत नाही. अमेरिकेत बांधलेल्या बोटींवर बोल्ट बऱ्याचदा ३/८ इंची असतात, तिथे आटेही इंचातले पाडून घ्या.

बोल्ट ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीच्या पोलादाचे), पूर्ण आट्यांचे, ६० मिमी लांब. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा आट्यांचा बार इथे वापरू नका, तो ताणला जातो आणि तुम्हाला वाटतं कपलिंग सरकतंय. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ८.८ मागितलं की मिळतं, डोक्यावर आकडा कोरलेला आहे ना तेवढं बघून घ्या.

मध्ये ठेवायचा तुकडा: २५ मिमीच्या शाफ्टला २२ मिमी व्यासाचा गोल बार, एक २५ मिमी लांब, दुसरा ५० मिमी. दोन्ही टोकं लेथवर काटकोनात छाटलेली. तुकडा तिरका असेल तर जोर तिरका जातो. व्यास शाफ्टपेक्षा कमीच हवा, कारण कपलिंग पुढे आलं की तो तुकडा त्याच्या भोकात शिरायचा असतो.

प्लेट, २५ चा तुकडा, कपलिंग अशी मांडणी करा, बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीस लावा, चारही हातानं टेकवा. मग समोरासमोरच्या जोडीनं, एका वेळी पाव फेरा. दर फेरीनंतर प्लेट आणि कपलिंग यांच्यातलं अंतर चार ठिकाणी व्हर्नियरनं मोजा. फरक अर्ध्या मिमीच्या आत ठेवा. कपलिंग एका बाजूला झुकलं की ते भोकात कात्रीसारखं अडकतं, मग कितीही टन लावा.

बोल्ट जड जायला लागले, सुमारे २५ ते ३० न्यूटन-मीटर, की थांबा. आता हातोडा, पण मागे-पुढे नाही. कपलिंगच्या मानेच्या एका बाजूला एक जड हातोडा टेकवून धरा आणि बरोबर समोरच्या बाजूला दुसऱ्यानं ठोका. दोन हातोड्यांमध्ये सापडलेलं भोक क्षणभर लंबगोल होतं आणि गंजाचा थर फुटतो. मान फिरवत सगळीकडून ठोका. मग पुन्हा पाव-पाव फेरा. ताण तसाच ठेवून रात्रभर सोडून द्या, तेल ओतत राहा. पुष्कळदा सकाळी बोल्ट सैल सापडतात. सुटताना आवाज येतो, कोरडा ‘टक्’, बंदुकीच्या चापासारखा. तो ऐकला की समजा जिंकलात. चार मिमीच जरी सरकलं तरी पुढचा रस्ता सोपा आहे. प्लेट कपलिंगला टेकली की बोल्ट सोडा, ५० चा तुकडा आणि लांब बोल्ट घाला, पुढे चला.

तीन पायांचा पुलर? त्याचे पाय फ्लँजच्या कडेला धरतात, आणि बहुतेक बोटींत तो आत मावतही नाही. जागा असेल तरच.

आग लावायची वेळ

दोन दिवसांत हललं नाही तर उष्णता. पण इथे एक गंमत आहे, ती माहीत नसली तर आगीनं उलटंच होतं. २५ मिमीचं पोलादी भोक १५० अंशांनी जास्त तापलं की सुमारे ०.०४५ मिमी मोठं होतं. स्टेनलेस मात्र पोलादापेक्षा जास्त फुगतं. शाफ्टही तेवढाच तापला तर तो ०.०६ मिमी फुगतो, आणि पकड होती त्याहून घट्ट होते. म्हणून मोठी ज्योत, भरभर, फक्त कपलिंगच्या मानेवर, फिरवत, चार-पाच मिनिटं. शाफ्टला मागे ओलं फडकं गुंडाळा, ते शाफ्टही थंड ठेवतं आणि ग्लँडचा होजही वाचवतं. ताण प्लेटवर चढलेलाच असू द्या. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडून गेला पाहिजे. धातूवर फिकट पिवळसर छटा दिसायला लागली तर तुम्ही २०० अंशांच्या वर गेलात, ज्योत काढा. ज्योत काढल्यावर लगेच बोल्ट आवळा, थंड होईपर्यंत थांबू नका. दोन-तीन वेळा तापवून-थंड करून करा, गंजाला ते सोसत नाही.

अ‍ॅसिटोन ओतलं असेल तर त्या दिवशी आग नाही. सगळं पुसा, एक दिवस हवा खेळू द्या. बोटीत स्वयंपाकाचा गॅस असेल तर सिलिंडर बाहेर काढा, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळलेला सगळा बिल्जमध्येच साठतो, तुमच्या ज्योतीच्या बरोबर खाली. तेलकट पाणी उपसा. दुसरा माणूस अग्निशामक हातात धरून बसलेला पाहिजे, फोन हातात धरून नव्हे.

कापून काढणं

हे हरणं नाही. कपलिंग गंजून मूळ आकारातच राहिलं नसेल तर पहिल्या दिवशीच कापावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चावीच्या बरोबर वर कापा. कारण साधं आहे: चुकून खोल गेलात तर ग्राइंडर चावीला लागेल, शाफ्टला नाही. पाव इंची चावी शाफ्टच्या वर सुमारे ३ मिमी उठलेली असते, तेवढी तुमची सोय. मानेची भिंत साधारण १२ ते १५ मिमी असते. एक मिमी जाडीची चकती घ्या, थोडं थोडं कापा, शेवटचे एक-दोन मिमी ठेवून द्या. इंजिनावर, वायरींवर आणि ग्लँडच्या होजवर ओली गोणपाटं टाका, ठिणग्या रबरात भोकं पाडतात. फ्लँजचा जाड भाग चार इंची ग्राइंडरच्या आवाक्यात पूर्ण येत नाही, तिथे तोंडाकडून खाच मारा. मग चिरेत छन्नी आणि एक जोरदार ठोका. बीड असेल तर दोन तुकडे होतात. पोलाद नुसतं उघडतं, तेवढं पुरे.

परत बसवताना

शाफ्टवर सेट स्क्रूच्या खड्ड्याभोवती उठलेली कड बारीक कानशीनं बसवा, मग ३२० चा पॉलिश पेपर. कपलिंग शाफ्टवर हाताच्या जोरानं, लाकडी ठोकळ्याच्या हलक्या थापेनं बसलं पाहिजे. हललं तर टर्नरकडे परत. नवं कपलिंग असेल तर शाफ्टही टर्नरला द्या. कपलिंग शाफ्टवर बसवूनच त्यानं फ्लँजच्या तोंडाला शेवटचा हात मारायचा.

चावी नवी घाला. दोन्ही बाजूंनी ती घट्ट हवी, डोक्यावर मात्र किंचित मोकळी. उंच चावी कपलिंगला एका बाजूला ढकलते आणि फ्लँज डगमगते. आधी कपलिंग चावीशिवाय बसवून शाफ्टचं टोक कुठे येतं त्याची खूण करा. मग चावी घालून बसवा. खुणेपाशी पोचलं नाही तर चावी उंच आहे. सेट स्क्रूला थ्रेड लॉकर आणि वर तार, तार अशी बांधा की ती स्क्रूला आवळण्याच्या दिशेनं ओढेल.

अलाइनमेंट बोट पाण्यात गेल्यावर, निदान एक दिवसानं. जमिनीवर टेकूंवर असताना बोटीचा आकार वेगळा असतो. १०० मिमीच्या फ्लँजला वर-खाली-डावी-उजवीकडच्या फटींत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. मोजून झालं की शाफ्टची फ्लँज पाव फेरा फिरवा आणि परत मोजा. मोठी फट होती त्याच जागी राहिली तर इंजिनाचे पाय उचला-बसवा. फट फ्लँजबरोबर फिरली तर दोष कपलिंगमध्ये किंवा वाकलेल्या शाफ्टमध्ये आहे, इंजिनाला हात लावू नका. मग चार नवे ८.८ बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे), एम१० ला ४५ न्यूटन-मीटर, एम८ ला २५. होज क्लिप काढायची राहिली असेल तर काढा. इंजिन दहा तास चाललं की पाना घेऊन पुन्हा एकदा खाली उतरा, चारातला एखादा बोल्ट हमखास थोडा फिरतो.